लाकडी गाडीची उजवी बाजू

"बैस आधी, मग बोल."

काका हे म्हणायचे आणि त्याच वेळी गाडीच्या दारावर तळहाताने दोन थापा मारायचे. थापा मारल्याशिवाय ते दार उघडायचंच नाही, कारण त्याची कडी केव्हाच कामातून गेली होती. समोरचा माणूस पत्ता विचारायला आलेला असो, गणपतीची वर्गणी मागायला आलेला असो, की भांडायला, काकांचं उत्तर ठरलेलं. एकदा आमच्या मसोली भागातले एक शेजारी कारखान्याच्या वासाची तक्रार घेऊन तावातावाने आले. दोन थापा पडल्या. शेजारी बसले. तासाभराने ते जवळच्या आगर गावाहून परत आले तेव्हा मांडीवर ताडगोळ्यांची पिशवी होती आणि तक्रार कशाची होती हे ते मलाच विचारत होते.

तुमच्यापैकी कुणी डहाणू रोडला राहिला असाल तर तुम्हीही त्या गाडीत बसला असाल. नसाल बसला, तर काकांच्या नजरेतून सुटलात कसे याचं मला आश्चर्य वाटेल.

काकांचा फुग्यांचा कारखाना होता. आमच्याकडे असे कारखाने पुष्कळ, पण मालक काकांसारखा एकच. घरात गुजराती, कारखान्यात मराठी, फोनवर हिंदी, आणि चिडले की तिन्ही एकदम. मी त्यांच्याकडे माल बांधून रवाना करायचं काम करत होतो. जन्मतः काळजीखोर माणूस. एखादा फुगा फुटका गेला तर कुठल्या तरी गावात कुणाचा तरी वाढदिवस माझ्यामुळे नासला असेल, या विचाराने मला जेवण जात नसे. काका म्हणायचे, "अरे भाई, फुगा फुटला तरी पोरं हसतात. तू कशाला रडतो?"

ती गाडी त्यांनी एका चिकूच्या वाडीतून आणली. गेले होते जुना पाण्याचा पंप बघायला. पंपाशेजारी झावळ्यांच्या छपराखाली ही उभी होती. अमेरिकन स्टेशन वॅगन, आमच्या आईबापांच्या लग्नांच्याही आधीची. लांबीला होडीएवढी, दोन्ही बाजूंना पत्र्याऐवजी खऱ्या लाकडाच्या फळ्या, आणि मागचं दार वर-खाली असं दोन तुकड्यांत उघडणारं. आत कोंबड्या अंडी घालत होत्या. काकांनी कोंबड्यांना बाजूला सारलं, आत बसले आणि पंप विसरले.

मूळचं इंजिन कधीच मेलेलं होतं. काकांनी त्या जागी टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं. सुताराकडून मागे तोंड करून बसायचा एक बाक करून घेतला. आणि मग त्या अजस्र गाडीतून आम्ही फुगे पोचवू लागलो. जगातल्या सगळ्यात जड गाडीत जगातला सगळ्यात हलका माल! काका सांगायचे, "दार घट्ट लाव, नाहीतर गाडी उडेल."

एकच गोष्ट होती. स्टिअरिंग डावीकडे.

आपल्या रस्त्यावर डावीकडे बसून गाडी हाकायची म्हणजे गटार छान दिसतं, पण पुढच्या ट्रकच्या पलीकडून काय येतंय ते दिसत नाही. त्यासाठी उजवीकडे कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. मी मान बाहेर काढायची आणि सांगायचं, "मोकळं आहे," किंवा "थांबा." बस्स, दोनच शब्द. पण ज्याला फुटक्या फुग्यापायी जेवण जात नाही त्याच्या हाती तुम्ही समोरून येणाऱ्या ट्रकांची जबाबदारी दिलीत तर काय होणार? मी "थांबा"च म्हणायचो. एकदा चारोटीपासून डहाणूपर्यंत आम्ही गवताने भरलेल्या एका ट्रॅक्टरमागे आलो. गंजाडला ट्रॅक्टरवाला चहाला थांबला, तर मागे आम्हीही थांबलो. त्याने आम्हालाही चहा सांगितला.

मी खजील होऊन म्हटलं, "काका, दुसरा कुणी बघा ह्या जागेवर."

"नको रे. तुझ्यासारखा घाबरट उजवीकडे असला की मी डावीकडे बिनधास्त."

मला आयुष्यात कुणी दिलेली ही सर्वांत मोठी शाबासकी. मी ती घरी जाऊन बायकोला सांगितली. ती म्हणाली, "यात शाबासकी कुठेय?"

फुगे पोचवून गाडी रिकामी झाली की काका बेचैन व्हायचे. रस्त्याकडेला कुणी दिसलं की ब्रेक. त्या माणसाने हात केलेला असायचाच असं नाही. वरोरच्या मासळीवाल्या टोपल्यांसकट, शेतावरून परतणाऱ्या बाया, क्लासची मुलं, एकदा तर एक पूर्ण वऱ्हाड, ज्याला खरं म्हणजे उलट्या दिशेला जायचं होतं. महालक्ष्मीच्या यात्रेच्या दिवसांत त्या गाडीत इतकी माणसं असायची की वळणावर सगळे एकदम एका अंगाला कलले की गाडी आपोआप वळायची. संध्याकाळी काका मला विचारायचे ते एवढंच: "आज कोण कोण बसलं?" मी आठवून सांगायचो. ते डोळे मिटून ऐकायचे.

मग काकांचे गुडघे गेले. कारखाना त्यांनी आधीच दुसऱ्याला चालवायला दिला होता. बडोद्याला मुलगी होती. ती म्हणाली, दिवाळीच्या आत इकडे या, आता एकटं राहायचं नाही. तिचं घर सहाव्या मजल्यावर, आणि खाली गाडीची जागा एक, तीही तिच्या छोट्या गाडीला जेमतेम पुरणारी. काकांची गाडी तिथे फक्त उभी लावता आली असती, म्हणजे शेपटीवर.

"विकू," काका म्हणाले. "पण जो बसेल त्यालाच. उभ्या उभ्या घेणाऱ्याला नाही."

जाहिरात मी लिहिली. फोनवरून टाकायची होती. काकांनी वाचायला मागितली.

"विकणे आहे: अमेरिकन बनावटीची, लाकडी बाजूंची, दुर्मीळ जुनी स्टेशन वॅगन. स्टिअरिंग डावीकडे. इंजिन मूळचे नाही, टेम्पोचे आहे. हॉर्न वाजतो, पण वळताना, आपणहून. पावसात उजवीकडच्या मागच्या खिडकीशी बसू नये. पूर्वी आत कोंबड्या राहत होत्या, तो वास आता जवळजवळ गेला आहे."

"अरे भाई," काका म्हणाले, "ही जाहिरात आहे का कबुलीजबाब?"

"उद्या कुणी फसवलं म्हणायला नको."

"फसायला आधी कुणी येऊ तर दे!" असं म्हणून त्यांनी शेवटी स्वतःची एक ओळ घालायला लावली: आधी बसावे, मग बोलावे.

फोटोचीही त्यांचीच कल्पना. गाडीत जागा किती आहे ते दिसलं पाहिजे, म्हणून जुन्या कारखान्यातून फुगे आणले, फुगवले, आणि गाडी काठोकाठ भरून समुद्रावर नेली. मी मोबाइल धरला. काकांनी मागचं दार उघडलं. डहाणूचा वारा तुम्हाला माहीत आहे. एका क्षणात किनाऱ्यावर लाल-पिवळं वादळ. पोरं धावली, कुत्री धावली, भेळवाला गाडा सोडून धावला, आणि काका दुखऱ्या गुडघ्यांवर जागच्या जागी टाळ्या पिटत उभे. फोटोत गाडीचं फक्त एक चाक आलं. तोच फोटो टाकला. पहिले सगळे फोन वाढदिवसाच्या सजावटीसाठी आले.

पहिलं खरं गिऱ्हाईक गुजरातकडचं. हायवेवर त्याचं हॉटेल होतं. तो बसला, अगदी ऐसपैस बसला, आणि म्हणाला, "मस्त! मधून कापायची, पुढचा भाग काउंटर, मागच्या भागात आइस्क्रीम." काकांनी त्याला अतिशय प्रेमाने चहा पाजला आणि बसस्टँडवर नेऊन सोडलं. त्यानंतर दोन दिवस ते गाडीच्या छतावर हात फिरवत होते, जणू तिने ते बोलणं ऐकलं असावं.

मग मुंबईहून एका संग्राहकाचा फोन आला. जुन्या गाड्या जमवणारा मोठा माणूस. येत्या रविवारी येतो म्हणाला. काका गडबडले. लाकूड उन्हाने फाटलं होतं, रंग उडाला होता. मी म्हटलं, पॉलिशवाला आणू. काकांनी त्याऐवजी वरोरच्या तांडेलांना बोलावलं. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, काकांचे जुने दोस्त. त्यांनी फळ्यांवर नख ओढलं, नाकाशी धरलं, आणि डॉक्टरासारखे गंभीर झाले.

"लाकूड तहानलंय. याला मुशीचं तेल पाजा."

मुशी म्हणजे लहान शार्क. तिच्या तेलाचा हात दिला की होडीचं लाकूड वर्षानुवर्षं पाण्यात टिकतं. हे खरंच आहे. पण होडी समुद्रात असते, आणि समुद्राला नाक नसतं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. तांडेल तेल फासत होते, काका "अजून, अजून" म्हणत होते आणि मी डबा धरून उभा होतो. डबा मी धरला होता, तेव्हा त्यातला माझा वाटा मी मान्य करतो. लाकूड मात्र असं चमकलं म्हणता! अंगणातली जास्वंद त्यात दिसत होती.

सकाळपर्यंत मसोलीतली सगळी मांजरं आली होती. बॉनेटवर, छतावर, चाकांखाली. एक बोका फळ्या चाटत होता, अगदी वरपासून खालपर्यंत, मन लावून. त्याला हाकलून आम्ही दुसरीकडे वळलो की दोन नव्या माना वर यायच्या. आगरहूनही काही आली असावीत, कारण ती ओळखीची नव्हती.

संग्राहक आला. पांढरी पँट, पांढरे बूट, हातात पांढरे मोजे. वीस पावलांवरच त्याने रुमाल काढला.

"हा वास कसला?"

"मुशीचा," काका अभिमानाने म्हणाले. "होडीला लावतात तोच."

"होडीला?"

"बसा ने आधी. मग बोलू." दोन थापा. दारातून एक मांजर उतरलं.

पण तो माणूस जाणता होता, हे मला सांगितलं पाहिजे. रुमाल नाकाला लावून तो गाडीभोवती फिरला, वाकून चेसिस पाहिली, फळ्यांचे सांधे पाहिले, आणि त्याचे डोळे हळूहळू मोठे झाले. इंजिन बघून त्याने कपाळाला हात लावला. मी घाईघाईने म्हटलं, "जाहिरातीत लिहिलं होतं." तो म्हणाला, "इंजिन मी बाहेरून मागवेन. वास काढू. मी घेतो."

बडोद्याच्या मुलीचा फोन रोज येत होता, दिवाळी तोंडावर आली होती. काका खूश व्हायला हवे होते.

"नेऊन काय कराल?" त्यांनी विचारलं.

"एसी हॉलमध्ये ठेवणार. वर कव्हर."

"बसणार कोण?"

"कोणी नाही. हातसुद्धा लावू देत नाही मी कुणाला."

काकांनी पुन्हा दारावर थापा मारल्या. हळू मारल्या. "एकदा बसा. आगरला एक फेरी मारू. मग तुमची गाडी, न्या कुठेही. पण एकदा बसा."

त्या माणसाने सीटकडे पाहिलं. तिथे बोका होता. त्याने आपल्या पँटकडे पाहिलं. "मी उभाच बरा," तो म्हणाला.

"मग नाही बोलायचं," काका म्हणाले, आणि गाडी विकायची राहिली.

मुलगी फोनवर रडली. मीही काकांवर चिडलो. "दिवाळीला पंधरा दिवस आहेत, काका. गाडी इथेच सडेल." काका फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून, चारी दारं उघडून वास जाण्याची वाट बघत खुर्ची टाकून बसले. मी त्यांच्याशेजारी रुसून उभा.

तेवढ्यात समोरून एक कुटुंब आलं. तलासरीच्या पुढच्या, डोंगराकडच्या गावातलं. बाजार करून परतत होतं. पुढे चाळिशीची एक बाई, डोक्यावर सुकटीची टोपली. तिच्यामागे नवरा, नणंदा, जावा, पोरं, आणि सर्वांत शेवटी काठी टेकत तिची म्हातारी सासू. त्यांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उघड्या दारांतून एकेक करत गाडीत चढले. टोपल्या आत, पोरं मांडीवर, म्हातारी मागच्या उलट्या बाकावर. मग त्या बाईने खिडकीतून काकांना हाक मारली.

"शेट, कधी भरल? अजून किती शिटा पाहिजेत?"

आमच्याकडे जीप भरल्याशिवाय सुटत नाही. दारं उघडी टाकून उभी असलेली लांबलचक गाडी आणि शेजारी खुर्चीत बसलेला म्हातारा म्हणजे तलासरीची जीप, दुसरं काय?

मी सांगायला तोंड उघडलं, तर काकांनी माझं मनगट धरलं. त्यांचा चेहरा मी त्यापूर्वी एकदाच तसा पाहिला होता, फुगे उडाले त्या दिवशी.

"भरली, बेन! सुटलीच आता. अरे, बघतोस काय, उजवीकडे बैस!"

तो प्रवास मी काय सांगू! गुडघ्यांना काय झालं होतं कोण जाणे, काका पंचविशीतल्यासारखे गाडी हाकत होते. वळणावर हॉर्न आपणहून वाजला की पोरं ओरडायची. म्हातारी धवलेरी होती. त्यांच्यात लग्न अशी म्हातारी बाई गाणी म्हणून लावते. मागे तोंड करून, मागे पडणारा रस्ता बघत, ती गाऊ लागली. तिच्या लेकीसुना तिला साथ देऊ लागल्या. भाषा मला अर्धीच कळत होती, काकांना तेवढीही नाही, पण ते ठेका स्टिअरिंगवर धरत होते आणि मी दोघांच्या वर आवाज काढून "थांबा! थांबा!" ओरडत होतो.

चारोटीच्या पुढे हायवेला लागल्यावर बाईने विचारलं, "शेट, गाडी कुणाची?"

"माझी. विकायची आहे."

तिने वळून मागच्या बाकापर्यंत नजर फिरवली. तिचा लग्नाचे मांडव भाड्याने द्यायचा धंदा होता. टेम्पो ती स्वतःच चालवायची. "बांबू, भांडी टेम्पोत जातात," ती म्हणाली. "माणसांचे हाल होतात. सासूला लग्नाला न्यायचं तर चालवत न्यावं लागतं, नायतर जीपला लटकवत. हिच्यात तर सगळेच मावतात. नवरीपण, धवलेरीपण."

माझ्यातला जाहिरात लिहिणारा जागा झाला. "बाई, इंजिन टेम्पोचं आहे हिचं."

"मग बरंय. मला तेच येतं."

"आणि वास येतो."

"कसला वास?" मांडीवर सुकटीची टोपली धरून ती बाई म्हणाली.

काका इतके हसले की त्यांना गाडी बाजूला घ्यावी लागली. व्यवहार त्या दोघांनी तिथेच रस्त्याकडेला उरकला. एवढंच सांगतो, की संग्राहकाने तो आकडा ऐकला असता तर त्याला पुन्हा रुमाल काढावा लागला असता, या वेळी डोळ्यांसाठी.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आम्ही गाडी पोचवायला निघालो. ती बाई न्यायला आली होती. डावीकडे ती बसली, मी सवयीने उजवीकडे गेलो, तर काका म्हणाले, "तू मागे. आज मी." आणि आयुष्यात पहिल्यांदा ते आपल्या गाडीच्या उजव्या बाजूला बसले.

"अरे!" थोड्या वेळाने पुढून आवाज आला. "इथून एवढं दिसतं? डोंगर, ताडं, समोरून येणारे लोक... इतकी वर्षं मला सांगितलं नाहीस!"

"रोज सांगत होतो, काका."

"तू फक्त ट्रक सांगत होतास."

ते "ये बेन, ये, मोकळं आहे!" असं इतक्या उत्साहाने सांगत होते की मागे तोंड करून बसलेला मी, काहीच दिसत नसताना, "थांबा!" म्हणत होतो. आम्ही सुखरूप पोचलो ते बाईने दोघांचंही न ऐकल्यामुळे.

परतताना एसटीत जागा होती. काका बसले नाहीत. दांड्याला धरून उभे राहिले.

"बसा ना, काका."

"बसतो. जरा बघू दे." चारोटी येईपर्यंत ते खिडकीतून बाहेर बघत उभेच होते.

बडोद्याहून त्यांचा फोन यायचा. तब्येत विचारली की टोलवायचे. "ते सोड. आज कोण बसलं?" मग मी तलासरीला फोन लावून बाईंना विचारायचो आणि काकांना सांगायचो. आज नवरी बसली. आज तारपा वाजवणारे वाजंत्री बसले. आज दवाखान्यातून बाळंतीण आणली, बाळ दोन दिवसांचं होतं. त्या दिवशी काकांनी ते माझ्याकडून दोनदा सांगून घेतलं.

ह्या माघातल्या एका सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. काका पहाटे गेले होते, झोपेत. मी घराच्या पायरीवर जरा बसलो, आणि मग मनात आलं, हे बाईंना फोनवर सांगायचं नाही. उठलो आणि एसटी पकडली.

पोचलो तर अंगणात नुसती धांदल. लग्न होतं कुठेतरी वरच्या पाड्यावर. गाडी खच्चून भरलेली, छतावर सतरंज्या, मागच्या बाकावर म्हातारी धवलेरी नव्या लुगड्यात. लाकडाला कुणीतरी परत मुशीचं तेल दिलं होतं. बॉनेटवर एक मांजर. बाई डावीकडे बसून इंजिन चालू करत होत्या.

"बाई, मी एक सांगायला..."

त्यांनी पलीकडे झुकून उजव्या दारावर आतून दोन थापा मारल्या. दार उघडलं. ती जागा तेवढी रिकामी होती.

"बरे आलात! माझ्या नवऱ्याला दुसऱ्या गाडीत घातलाय, आज उजवीकडे बघायला कोणी नाय. बसा आधी, मग बोला."

मी बसलो. पोरं सरकली, कुणीतरी माझ्या मांडीवर एक पातेलं ठेवलं. गाडी निघाली. मागे म्हातारीने गाणं धरलं. पुढे विटांनी भरलेला एक ट्रक चालला होता, धूर सोडत, अगदी रमतगमत.

"काय म्हणत होतात?" बाईंनी विचारलं.

मी मान बाहेर काढली. ट्रकच्या पलीकडे रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना ताडं, लांबवर एकही गाडी नाही.

"मोकळं आहे," मी म्हणालो. "घ्या, बाई, पुढे घ्या. अगदी मोकळं आहे."